भंगार वितळवतो म्हणजे कार्बन शून्य धरायचा का?

प्रश्न: सळई_जालना
जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन भट्टी (विजेवर लोखंड वितळवणारी) आणि रोलिंग मिल असलेल्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. पुण्याच्या एका बिल्डरने सळईसोबत पत्र मागितलंय: टनामागे कार्बन डायऑक्साइड किती? शेठ म्हणाले, "आपण भंगार वितळवतो, कोळसा कुठंय? शून्य टाक." त्यांच्या केबिनच्या खिडकीतून रिहीटिंग फर्नेसच्या, म्हणजे रोलिंगआधी माल तापवायच्या भट्टीच्या, कोळशाचा ढीग दिसतो, ते सोडा. पत्राखाली सही माझी जाणार.

गेल्या महिन्याचा हिशेब असा. एक टन बिलेटला (ज्या पोलादी दांडक्यापासून सळई लाटतात) ६५० किलो भंगार, ५०० किलो स्पंज (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड), ६५० युनिट वीज. बिलेट थंड करून परत तापवतो, त्याला ५० किलो कोळसा. यातलं काय धरायचं, काय सोडायचं?

उत्तर: जुना_मेल्टर
सही करू नकोस बाई.

मी आठ वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात स्पंज बनवायच्या किल्नवर (फिरत्या भट्टीवर) होतो आणि नंतर एकवीस वर्षं तुमच्याच गावात भट्टीवर. तुमच्या शेठना धूर दिसत नाही, कारण तो घुग्घूस, रायपूरकडे निघतो. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला किल्नमध्ये टनाला टनभर तरी कोळसा जातो. असा स्पंज टनामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड घेऊनच तुमच्या गेटात येतो. तुमचा अर्धा टन स्पंज, म्हणजे एक टनाच्या वर तिथंच झालं. विजेचं युनिटला साधारण ०.७२ किलो धर, ४७० किलो. कोळशाचे शंभरेक. बेरीज दीड टनाच्या पुढे. खनिजापासून झोतभट्टीत बनणाऱ्या पोलादापेक्षा कमीच आहे, पण शून्य कुठलं?

आता शेठ विचारतील, मग स्पंज बंद करू का? करून बघा म्हणावं. आमच्याकडे एकदा महिनाभर जवळपास नुसतं भंगार चालवलं. गठ्ठ्यांत मोटारीचं वायंडिंग यायचं. तांबं एकदा वितळलं की पोलादातून काढता येत नाही, आणि रोलिंगला सळईवर बारीक भेगा दिसायला लागल्या. फॉस्फरसचंही तेच, इंडक्शन भट्टी तो काढत नाही. स्पंज टाकला की तांब्याची घाण पातळ होते, म्हणून मेल्टरला स्पंज लागतोच. (आणि तो भिजलेला असला तर भट्टीत कसा भडका उडतो ते माझ्या डाव्या हाताला विचार. एक पावसाळा, एक फुटकी ताडपत्री.)

तुमच्या हातातलं सोपं काम वेगळं आहे. सीसीएममधून (ओतकामाच्या मशीनमधून) बिलेट लालबुंद निघतं. ते यार्डात रचून गार करायचं आणि दुसऱ्या दिवशी कोळसा जाळून परत तापवायचं, हा काय व्यवहार? हॉट चार्जिंग करा, बिलेट तसंच मिलमध्ये जाऊ द्या. जालन्यात करणारे आहेत. त्यात पैसे वाचतात, म्हणून शेठ ऐकतील.

उत्तर: धातुशास्त्र_पुणे
काकांच्या हिशेबात एक भर. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी, आणि १.६ च्या आत असेल तर पाच तारे. विकत घेतलेल्या कच्च्या मालाचा कार्बनही त्यात मोजतात, त्यामुळे स्पंज सुटत नाही. तुम्ही पाच ताऱ्यांच्या उंबरठ्यावर आहात, शून्य लिहून ते घालवू नका.

हायड्रोजनबद्दल कुणीतरी विचारेलच. स्वीडनमध्ये लुलेओला २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक प्रकल्पात कोळशाऐवजी हायड्रोजनने स्पंज केला, त्यात धुराऐवजी वाफ निघते. पण टनाला सुमारे ५५ किलो हायड्रोजन आणि किलोला ५० युनिट धरली तर २,७५० युनिट झाली. आपल्या ग्रिडच्या विजेवर तेच केलं तर दोन टन कार्बन डायऑक्साइड तिथंच! त्यांच्याकडे जलविद्युत आणि पवनऊर्जा आहे. आपल्याकडे आधी वीज बदलावी लागेल.

उत्तर: जुना_मेल्टर
आणि त्या हायड्रोजनच्या स्पंजमध्ये कार्बन नसतो म्हणे. मग भट्टीत वायूचे बुडबुडे सुटून रस ढवळणारी उकळी कशाने यायची? कार्बन वरून टाकावा लागेल.

विजेचं मात्र खरं. पण आम्ही रात्रीच्या स्वस्त युनिटसाठी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या मारल्या, आणि सूर्य दिवसा उगवतो. सोलर घ्यायचं तर हीटचं (वितळवायच्या फेऱ्यांचं) वेळापत्रक उलटं करा. मेल्टर लोक खूश होतील, त्यांच्या बायका त्याहून जास्त.

सळई_जालना
धन्यवाद काका, सर. आज शेठना १.६ चा आकडा दाखवला. शून्य लिहायचा विषय संपला. आता स्पंजवाल्याला फोन लावून विचारताहेत, "तुझ्या मालात किती कार्बन डायऑक्साइड आहे ते लिहून दे." पलीकडून उत्तर आलं, "शेठ, आमचा शून्य आहे."