मदत हवी आहे: भुयारी गटाराच्या कामाची तपासणी नागरिकांनी कशी करावी?

मराठवाड्यातील आमच्या शहरात भुयारी गटार आणि पावसाळी पाण्याची वाहिनी यांचे काम सुरू आहे. प्रगती अहवालात आमच्या गल्लीचे काम पूर्ण दाखवले आहे. प्रत्यक्षात गटाराची वाहिनी शेवटच्या चेंबरपाशीच थांबली असून तिचे तोंड सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबून बंद केले आहे. त्यात आमची जमीन काळ्या मातीची, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाइपाखालचा थर नीट दाबलेला नसेल तर सांधे सरकून उतार बिघडेल आणि सांडपाणी घरांत उलटेल, ही खरी काळजी आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क नागरिकांना आहे, परंतु महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. म्हणून जाणकारांना विचारतो: मोजमाप पुस्तिका, उताराचा आराखडा आणि गळती चाचणीचा अहवाल यांपैकी आधी काय मागावे? उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते; तोवर रस्त्यावर काँक्रीट पडू नये यासाठी लेखी विनंती कोणाकडे करावी?