मदत हवी आहे : गळाला लावलेलं जिवंत आमिष पाच मिनिटांत मरतं, कुठं चुकतंय?

कोथरूडचा_गळ

नमस्कार मंडळी. मासे खाण्यात चाळीस वर्षं गेली, पकडण्याचा मात्र परवाचा रविवार पहिलाच. तो इतका फसला की घरी अजून धड सांगितलेलं नाही. (शिवाय पौर्णिमा होती ती दत्तजयंतीची, हे मला तिथे पोचल्यावर मेव्हण्याने सांगितलं.) जरा लांबण लागेल, पण तपशील दिल्याशिवाय चूक सापडायची नाही.

दिवाळीत रॉड आणि रीलचा सेट घेतला. सात फुटी, घडीचा रॉड, रीलवर ०.३५ मिमीची तंगूस (नायलॉनची दोरी) आधीच गुंडाळलेली. दुकानदाराने ५/० नंबरचे गळ, साठ-साठ ग्रॅमची शिसं (गळ बुडवायची वजनं) आणि दोन रबरी मासे गळ्यात मारले. व्हिडिओ बघून ठरवलं की रबरी नको, जिवंत आमिषच लावायचं. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचा गांडूळखताचा खड्डा आहे. शनिवारी रात्री टॉर्च घेऊन खाली गेलो आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात शंभरेक गांडुळं भरली. वर ओली माती, झाकणाला भोकं. वॉचमन शेजारी उभा राहून बघत होता. कुंड्यांसाठी नेतोय असं त्याला वाटलं, मीही तसंच वाटू दिलं.

सकाळी साडेसातला पोहे खाऊन निघालो. ताम्हिणी, माणगाव, तळा करत मुरूडच्या अलीकडे खाडीच्या तोंडाशी एक जुनी जेट्टी आहे, मेव्हण्याच्या माहितीतली. वाटेत माणगावात मिसळ झाली, मग चहा झाला. पहिला गळ पाण्यात पडला तेव्हा दोन वाजले होते.

गांडुळं घाटातून येऊनही ठणठणीत होती. गळाला लावताना अशी वळवळत होती की माझीच बोटं थरथरत होती. पाण्यात टाकून पाच मिनिटांनी वर काढलं तर ओल्या सुतळीसारखं लोंबतंय, रंगसुद्धा उडालेला. दुसरं लावलं, तेच. दहा-बारा गांडुळं अशी गेली. मासा सोडा, खेकड्यानेही तोंड लावलं नाही.

शेजारी एक काका होते. रॉड नाही, रील नाही, प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस आणि एक गळ. त्यांनी माझ्यासमोर एक बऱ्यापैकी तांबोशी (तांबूस रंगाचा मासा) काढली. माझी दशा बघून स्वतःच्या बादलीतल्या आठ-दहा जित्या कोळंब्या दिल्या, पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "मी निघालो आता, पाणी गेलं." मी त्या कोळंब्या दुसऱ्या एका डब्यात टाकल्या आणि स्वच्छ असावं म्हणून वर पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं. अर्ध्या तासात सगळ्या पांढऱ्या पडून आडव्या. दोन तेवढ्या आधीच गळाला लावल्या होत्या. पहिलीला टुकटुक जाणवलं, वर घेतलं तर गळ घासून ठेवल्यासारखा लख्ख. दुसरीला मात्र काहीतरी जड लागलं. जेट्टीपासून पाणी एव्हाना बारा-पंधरा फूट खाली गेलेलं. तसाच सरळ वर उचलला, निम्म्यात आला आणि निसटला. पोटाचा तांबूस रंग मी नीट बघितला, तेवढाच काय तो.

मेलेल्या कोळंब्यांवर मग एक फुगणारा मासा आला, तो सोडला. शेवटी वीतभर शिंगाळा आला आणि गळ काढताना त्याचा काटा अंगठ्यात गेला. आई आठवली. आज मंगळवार, अंगठा अजून सुजलेला आहे, हा मजकूर तर्जनीने टाइप करतोय.

आता प्रश्न. पुण्याहून जिवंत आमिष नेऊन ते टिकवायचं कसं? बॅटरीवरचा एअर पंप घेऊ का, मत्स्यालयाच्या दुकानात बघून ठेवलाय. की गांडुळांऐवजी उजनीची बारकी चिलापी (तिलापिया मासा) नेऊ? मेव्हणा म्हणतो ती खाऱ्या पाण्यात मरत नाही. आणि ६० ग्रॅमचं शिसं लावूनही आमिष वाहत वाहत जेट्टीच्या खांबांत का अडकत होतं? तीन शिसं तिथेच गेली.

आधी_फोटो

फोटो नसेल तर निसटलेला मासा दीड किलोचा धरण्यात येईल. पुढच्या वर्षी तो पाच किलोचा होतो.

खाडीकाठी

एकेक घेऊ. गांडुळात काही खोट नव्हती, पाणी त्याचं नव्हतं. ते ओल्या मातीतलं जित्राब. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मीठ लावलेल्या काकडीसारखं. शंभर नेलीत काय आणि हजार नेलीत काय, प्रत्येकाला तीच पाच मिनिटं. धरणावर गांडुळासारखं आमिष नाही, खाडीवर ते सोडून द्या. काकांच्या कोळंब्यांचं नेमकं उलटं झालं. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला तुम्ही एकदम गोडं पाणी पाजलंत, तेही उन्हात, एवढ्याशा डब्यात.

पण तुमचा दिवस आमिषाच्या आधीच बुडाला होता. भरतीचं गणित आमच्याकडे पोरांनाही येतं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येतो तो भरतीचा तास. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. तुम्ही मिसळ खात होतात तेव्हा पाणी भरलं होतं. दोनला गळ टाकलात तेव्हा ओहोटी जोरात, साडेपाचला पार तळ. त्यातून पौर्णिमेचं उधाण. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. एवढं पाणी पाच-सहा तासांत खाडीतून बाहेर पडतं, त्या ओढीत तुमचं ६० ग्रॅमचं शिसं म्हणजे वाटाणा. ते काका "पाणी गेलं" म्हणाले ना, त्यांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एखादा, एवढाच जेट्टीवरचा खरा वेळ.

शिसं गळाच्या अगदी वर बांधलं होतंत का?

कोथरूडचा_गळ

हो, गळाच्या वर चार बोटं. दुकानदाराने तसंच बांधून दाखवलं. आणि दत्तजयंतीच्या मुहूर्तावर ओहोटी गाठली हे वाचून मेव्हणा हसतोय.

खाडीकाठी

मग कोळंबी जिवंत असून उपयोग काय? तिला दगडाला बांधून बुडवल्यासारखं झालं. मधून आरपार भोक असलेलं शिसं घ्या. ते मुख्य तंगुशीत ओवायचं, खाली स्विव्हलची (पीळ न पडू देणाऱ्या फिरत्या कडीची) गाठ, स्विव्हलच्या पुढे दीड-दोन फूट जरा जाड तंगूस आणि तिच्या टोकाला गळ. शिसं तळाशी बसतं, कोळंबी दोन फुटांच्या घेरात फिरते. मासा घेऊन निघाला की तंगूस शिशातून सरकते, त्याला वजन कळत नाही. ५/० गळ त्या बोटभर कोळंबीला फार मोठा. १/० घ्या, बारीक तारेचा. आणि मासा सरळ उचलू नका. जाळीची टोपली दोरीने खाली सोडायची आणि त्यात मासा ओढून घ्यायचा. टोपली नसेल तर जेट्टीच्या पायऱ्यांच्या बाजूला उभे राहा. रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तशी तंगूस सुटू देणारा ब्रेक) पूर्ण आवळलेला होता, हे न विचारता सांगतो.

कोथरूडचा_गळ

होता.

डॉक्टर_रजेवर

अंगठ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून. शिंगाळ्याचे तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांत, आणि त्यांच्यावर विष असतं. हे विष उष्णतेने निकामी होतं. त्यामुळे तिथल्या तिथे करायचा उपाय म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, बोट अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणं. पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा. ठणक लागलेल्या हाताला तापमान कळत नाही आणि लोक वर भाजून घेतात. चहाच्या टपरीवर हे सहज जमलं असतं. आता दोन दिवसांनी त्याचा तेवढा उपयोग नाही. सूज कमी व्हायच्या ऐवजी टिकून आहे, म्हणजे काट्याचा तुकडा आत असू शकतो. आजच दाखवा, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून जा. मधुमेह असेल तर उद्यावर ढकलू नका, खाडीच्या पाण्यातली जखम चिघळते. पुढच्या वेळी लांब नाकाची पक्कड न्या आणि मासा जाड फडक्यात धरा.

भीमाकाठ

भिगवणचा आहे, म्हणून चिलापीबद्दल बोलतो. मेव्हणे म्हणतात ते खरं आहे, चिलापी खारं पाणी सोसते. म्हणूनच नेऊ नका. हा मासा आपला नाही, १९५२ मध्ये भारतात आणला आणि आता आमच्या उजनीत जाळं टाकावं तिथं तोच. गळावरून सुटलेली चार चिलापी खाडीत कशाला सोडायची? सराव करायचा असेल तर आमच्याकडे या, पण धरणातली मासेमारी ठेक्याची असते, आधी विचारून बसा. फेकण्याचा सराव तर कोथरूडच्या मैदानावरही होईल. गळ काढून नुसतं शिसं बांधा, तीस पावलांवर चप्पल ठेवा आणि तिच्याजवळ पाडा. सकाळी सहाला जा. सातला क्रिकेटवाले येतात आणि मग शिशाचं वेगळंच प्रकरण होतं.

वहिनी_अलिबागच्या

भाऊ, कोळंबी पुण्याहून आणायची गोष्टच काढू नका. तुमच्या मंडईतली कोळंबी बर्फातली, ती जिवंत कुठून असणार? सकाळी खाडीवर पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकणारे असतात, त्यांच्याकडे मूठभर मागा, पैसे द्या. घरी शिजवायला जेवढी लागते तेवढी नको, पंधरा-वीस पुष्कळ झाल्या.

ठेवायच्या कशा ते सांगते. बादली रुंद तोंडाची, पाणी त्याच खाडीचं, बादली सावलीत. पाणी तापलं की त्यात हवा कमी राहते, म्हणून अर्ध्या तासाने निम्मं ओतून ताजं भरायचं. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून आणा आणि बंदच बादलीत सोडा, बर्फ सुटा टाकू नका, तो वितळला की पुन्हा गोडं पाणी. मेलेली दिसली की लगेच बाहेर, ती बाकीच्यांना घेऊन जाते. एअर पंप वाईट नाही, पण एवढ्याशा कोळंब्यांना माझ्या सासऱ्यांनी कधी पंप लावला नाही. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत ठेवायचे, थंडीच्या दिवसांत दोन-तीन तास आरामात जगतात.

लावायची कशी, तर उजेडात धरून बघा. डोक्यात एक काळा ठिपका दिसतो. त्याला गळ लागला की कोळंबी गेलीच. ठिपक्याच्या पुढे, करवतीसारख्या शिंगाच्या मुळाशी, आडवा गळ घाला. नाहीतर शेपटीकडून दुसऱ्या पेरात. तुम्ही मधोमध लावली असणार, कुणीही तसंच लावतं.

तो फुगणारा मासा म्हणजे केंड. सोडलात ते फार चांगलं केलंत. त्याचं विष शिजवून जात नाही, मांजरालासुद्धा घालायचा नाही. आणि वीतभर तांबोशी आली तर तीही सोडा. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली ती धंदेवाल्यांसाठी, पण हौशी माणसाने लाज म्हणून तरी पाळावी.

कोथरूडचा_गळ

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून तासाभरात जाऊन आलो. काट्याचं टोक होतं, पाव इंचाचं. कागदात गुंडाळून दिलंय, मेव्हण्याला दाखवायला. वहिनी, मधोमधच लावली होती.

उरलेली ऐंशी-पंच्याऐंशी गांडुळं काल रात्री खड्ड्यात परत सोडली. वॉचमनने विचारलं, कुंड्या भरल्या का. भरल्या म्हटलं.

आता गणित तपासा. पुढच्या रविवारी सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पहाटेची सव्वापाचची भरती धरायची तर पुण्यातून रात्री बाराला निघावं लागेल?

खाडीकाठी

गणित बरोबर. पण भरती दिवसातून दोनदा येते, दुसरी साडेबारा तासांच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी साडेपाच-पावणेसहा. दुपारी बारानंतर पाणी चढायला लागेल, तुम्ही साडेतीनला बसलात तरी उत्तम. शिवाय सप्तमी-अष्टमी म्हणजे भांग, पाण्याला ओढ कमी. ३० ग्रॅमचं शिसं जागचं हलणार नाही. नवशिक्याला याहून बरा रविवार नाही. अंगठा बरा असेल तरच.

कोथरूडचा_गळ

म्हणजे साडेसातलाच निघायचं? माणगावची मिसळ धरून?

खाडीकाठी

मिसळ धरून. फक्त श्रीखंडाचा डबा रिकामा आणा.