बगल, पार्श्व की कूस?

ओंजळ: किशोरवयीन वाचकांसाठी कॅनीच्या लढाईवर लिहितेय. इसवी सनपूर्व २१६, दक्षिण इटली, ऑफिडस नदीचा काठ. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांनुसार कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याकडे पन्नास हजार माणूस, रोमनांकडे शहाऐंशी हजार. माझं वाक्य असं होतं: 'लिबियन पायदळ दोन्ही बगलांवर तुटून पडलं आणि मग हस्द्रुबलचं घोडदळ मागून आलं.' (दोन्ही हॅनिबलच्याच बाजूचे.) मजकूर तपासणाऱ्यांनी 'बगल' फारसी म्हणून काढला आणि 'पार्श्वभाग' घातला. आता वाचणाऱ्याला वाटणार की सगळेच मागून आले! बाजूने कोण आणि मागून कोण, यावरच तर ही लढाई उभी आहे. काय वापरू?

पाटाचं पाणी: संस्कृतात पार्श्व म्हणजे बाजू, कूसच. मराठीत 'पार्श्वभाग' बसायच्या जागेवर कसा गेला, ते कोडंच आहे. पण गेला तो गेला. मुलं हसतील आणि लढाई राहील बाजूला.

ओंजळ: बाजूला म्हणजे पार्श्वालाच ना!

दौतटाक: आपल्याकडे घडीव शब्द असताना फारसीकडे का जायचं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दहाव्या अधिकरणात, व्यूहाचे भाग सांगितलेत: मध्ये उरस्य, बाजूंना कक्ष आणि पक्ष. पाठीवरच्या शत्रूला पार्ष्णिग्राह. पार्ष्णी म्हणजे टाच, टाच धरणारा तो पार्ष्णिग्राह. इतका नेमका शब्द कुठे मिळेल?

पाटाचं पाणी: 'रोमनांच्या दोन्ही पक्षांवर हल्ला झाला' असं वाचून बारा वर्षांचं पोर निवडणूक समजेल. 'कक्ष' म्हटलं की रुग्णालय. शब्द सुंदर आहेत, पण आता ते दुसऱ्या घरी नांदतात.

दौतटाक: वापरलेच नाहीत तर परत कसे येणार? 'महापौर'सुद्धा एकदा नवाच होता.

लाल माती: 'बगल'ला परका म्हणू नका. आजोबा तालमीत होते, मी लहानपणी हौद्याच्या कडेला बसून बघायचो. बगलडूब म्हणजे जोडीदाराच्या काखेखालून डोकं घालून थेट त्याच्या पाठीवर जायचं. आजोबा म्हणायचे, बगल सुटली की पाठ गेली. हस्द्रुबलनं तेच केलं. डावीकडून रोमन घोडदळ फोडलं, मागून वळसा घालून दुसऱ्या टोकाच्या घोडदळावर गेला, ते पळाल्यावर पायदळाच्या पाठीवर. बाजू उघडी पडली म्हणून पाठ मिळाली. हे 'बगल' शब्दात जसं दिसतं तसं 'पार्श्व'मध्ये दिसत नाही.

माजघर: लाल माती दादा, वाचून अंगावर काटा आला. तरी एक शंका. 'बगल देणे' म्हणजे टाळणे. 'हॅनिबलने बगलेवर' एवढं वाचलं की मला तो टाळतोय असंच वाटतं. त्यापेक्षा 'कूस' कशी? आपण कुशीवर झोपतो, कूस बदलतो.

लाल माती: ताई, कुशीत आई घेते. तिथं भाला कसा खुपसायचा?

सांजवात: 'फळी' का नको? उजवी फळी, डावी फळी.

पाटाचं पाणी: फळी म्हणजे अख्खी रांग. तिची टोकं उघडी पडली हे सांगायचंय.

दौतटाक: मधल्या रचनेलाही शब्द तयार आहे. हॅनिबलनं गॉल आणि स्पॅनिश पायदळ चंद्रकोरीसारखं पुढे काढलं होतं. भीष्मपर्वात तिसऱ्या दिवशी कौरवांच्या गरुडव्यूहापुढे पांडवांनी अर्धचंद्रव्यूह मांडला, तोच शब्द.

सांजवात: मग 'चक्रव्यूह' म्हणा की सरळ! रोमन आपल्या पायांनी आत गेले.

दौतटाक: चक्रव्यूह आधीपासून रचलेला असतो. इथे कोर दबत दबत आत वळली आणि रोमन जितके पुढे रेटले तितके लिबियनांच्या मधे सापडले. व्यूहाचा आकारच लढता लढता पालटला. दोन्ही एक नव्हेत.

ओंजळ: 'अर्धचंद्र' घेते. पण बगलेचं काय ठरलं? शिवाय पुढे मी 'रोमन शिलेदार' लिहिलंय, ते तरी चालेल ना?

माजघर: शिलेदार स्वतःचा घोडा आणतो गं. काही रोमन स्वारांना घोडा सरकारातून मिळायचा, ते झाले बारगीर.

पाटाचं पाणी: आणि काही स्वतःच्या घोड्यावर यायचे. म्हणजे दोन्ही होते. ओंजळताई, नुसतं 'स्वार' लिहा.

लाल माती: 'स्वार'नं काय कळणार? बारगीर लिहा, तळटीप द्या. मुलांना आपलेही शब्द कळूदेत.

दौतटाक: आपले? 'बारगीर' फारसी आहे. बार म्हणजे ओझं, ते उचलणारा तो बारगीर. मुळात ओझ्याचं जनावर.

माजघर: मग घोड्याचं नाव स्वाराला कधी चिकटलं? शिवकाळाच्या आधी की नंतर? कोणाकडे जुने कागद असतील तर टाका.