घरी राहिलेल्या भावंडांचंही बघा

कॅन्सर झालेली मुलं लवकर विसरतात, हॉस्पिटलचा परिणाम मनावर राहत नाही, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एएलएल या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग हा! पाठीतून पाणी काढायच्या दिवशी उपाशी ठेवलं की मुलांना बरोबर कळतं, ती सकाळपासून गप्प असतात. स्टेरॉइड चालू असताना तीच चिडतात, रडतात, मध्यरात्री उठून वरणभात मागतात. हा हट्ट नसतो, औषधाचा परिणाम असतो. आईबापांना हे आधीच सांगायला हवं.

परळच्या टाटा मेमोरियलला विदर्भ-मराठवाड्यातून माणसं येतात, तेव्हा बाकीची भावंडं गावी आजीकडे राहतात. "मी भांडलो म्हणून ताई आजारी पडली" असंही एखादं मनात धरून बसतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. रोज फोनवर त्याच्याशीही बोला.

मुक्कामासाठी सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना मोफत जागा देते, समुपदेशनही असतं. हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करला पहिल्याच दिवशी विचारा. आणि आजारी मुलाला वर्गातल्या मुलांशी व्हिडिओ कॉल करून द्या. केस गेलेत म्हणून मूल नको म्हणालं, तर नुसता फोन लावा.