‘घटस्फोट’, ‘वाळीत’, ‘थारा’ : कादंबरीसाठी जुने शब्द

विचारणा, सोलापूर : १८८०च्या सुमाराच्या सोलापूर-पंढरपूर भागावर कादंबरी लिहिते आहे. नायिका विशीतली, ब्राह्मण घरातली. लग्नाचा नवरा नसताना आई होते, गाव तिला शिक्षा करतं, पुढे ती सावरते. तिला ‘कुमारी माता’ म्हणू का? शिक्षेला आणि सावरण्याला तेव्हाचे कोणते शब्द वापरू?

उत्तर : ताई, ‘कुमारी माता’ नको. तो अलीकडच्या सरकारी कागदातला आणि बातम्यांतला शब्द. त्या घरांत मुलीचं लग्न लहानपणीच उरकलेलं असे, त्यामुळे विशीतली कुमारी सापडणं अवघड. तुमची नायिका बालविधवा असणार. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच विधवांसाठी, आणि १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकरांनी पंढरपुरात अर्भकांसाठी आश्रम उघडला. पंढरपूर तुमच्या कथेत आहेच, तेव्हा तो विसरू नका.

लोकांच्या तोंडी ‘पाऊल वाकडं पडलं’, ‘पाय घसरला’, ‘शेण खाल्लं’, ‘तोंड काळं केलं’ हे घाला. बाळाच्या बापाविषयी मात्र कुणाच्याच तोंडी काही घालू नका. गावही त्याच्याबद्दल गप्पच राही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’त जाब विचारला तो याच अन्यायाचा.

शिक्षेसाठी माझ्या मते सर्वांत नेमका शब्द ‘घटस्फोट’. आज त्याचा अर्थ काडीमोड एवढाच उरलाय, पण धर्मशास्त्रात हा पतिताला जातीबाहेर काढण्याचा विधी आहे. माणूस जिवंत असताना त्याला मेलेला धरायचं, त्याच्या नावानं पाण्याचा भरलेला घडा दासीनं पायानं लवंडायचा आणि नातलगांनी सुतक पाळायचं. जित्याजागत्या मुलीचं सुतक! हा प्रसंग सविस्तर लिहा, घाईनं उरकू नका. फक्त ‘तिचा घटस्फोट झाला’ असं नुसतं लिहिलंत तर आजचा वाचक फसेल. आधी घडा दाखवा, मग शब्द वापरा.

आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं : मनुस्मृतीच्या त्याच अकराव्या अध्यायात परतीची वाटही सांगितली आहे. प्रायश्चित्तानंतर नातलगांनी त्या माणसासोबत पवित्र पाण्यात स्नान करायचं आणि नवा भरलेला घडा पाण्यात सोडायचा. पतित स्त्रीलाही हाच विधी लावावा, पण तिला अन्नवस्त्र द्यावं, घराजवळ राहू द्यावं, असंही तिथे म्हटलंय. घडा लवंडणाऱ्यांना हा पुढचा भाग आठवत नसे, याचा मला फार राग येतो.

दुसरं उत्तर : कादंबरीत इतर जातींची माणसं असतील तर भाषा बदला. कुणबी, माळी, धनगर घरांत विधवेचा ‘पाट’ लागे, म्हणजे तिचं दुसरं लग्न होई, त्यामुळे तिथली गोष्ट वेगळी. तिथे पंच बसत, दंड करत, ‘वाळीत टाकत’, आणि जातीला जेवण घातल्यावर ‘जातीत घेत’. बघा, ‘टाकणे’ हे एकच क्रियापद किती ठिकाणी येतं : वाळीत टाकलं, नवऱ्यानं टाकलेली, पोर टाकून दिलं. नायिकेच्या बोलण्यात ते मुद्दाम पुन्हा पुन्हा आणता येईल.

विचारणा करणारी : नवा घडा चंद्रभागेत सोडायचा प्रसंग मनात बसला. पण माझी नायिका घरच्यांकडे परत जाणार नाही. मग सावरण्याला काय म्हणू?

उत्तर : ‘थारा’. ‘जिवाला थारा नाही’ म्हणजे मन सैरभैर, आणि ‘कुणी थारा देईना’ म्हणजे आसरा मिळेना. तिला दोन्ही हवं आहे. आश्रमात ‘थारा मिळाला’ हे पहिल्या दिवशी लिहा, ‘जीव थाऱ्यावर आला’ हे पुष्कळ पुढे, अंगाई म्हणताना तिचा आवाज कापेनासा होईल तेव्हा. ‘पुनर्वसन’, ‘समुपदेशन’ हे शब्द निवेदनातसुद्धा आणू नका. मुलाला ‘अनौरस’ फक्त कचेरीतल्या कारकुनानं म्हणावं. आईनं त्याला नावानंच हाक मारावी.

विचारणा करणारी : मग कारकून ‘बापाचं नाव?’ विचारतो तिथे ती स्वतःचंच नाव सांगेल. प्रकरण तिथून लिहायला घेते.