टाइप-सीनं लॅपटॉप चार्ज होते, पण मॉनिटरवर चित्रच येत नाही

पत्रिकावाला_यवतमाळ

राजेहो, डोकं बंद पडलं माझं. जरा लांबून सांगतो.

यवतमाळ जिल्ह्यात बाजाराच्या गावी माझं झेरॉक्स-डीटीपीचं लहानसं दुकान आहे. मे महिना म्हणजे लग्नपत्रिकांचा. मी कोरलमध्ये पत्रिका लावतो आणि गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडून मान वाकडी करून माझ्या लॅपटॉपात पाहते. मागं एका पत्रिकेत नवरदेवाच्या मोठ्या आत्याच्या मालकाचं नाव राहिलं. तीनशे पत्रिका छापून आल्यावर दिसलं. त्या तीनशेच्या तीनशे अजून माझ्याच दुकानात पडून आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर उधारी लिहितो.

म्हणून ठरवलं, गिऱ्हाइकाकडं तोंड करून एक मॉनिटर ठेवायचा. जे मले दिसते ते त्याले दिसलं पाहिजे. २४ इंची सेकंडहँड घेतला. लॅपटॉपबी सेकंडहँडच, पातळ, त्याले एचडीएमआयची (टीव्ही-मॉनिटर जोडायची) जागाच नाही. डाव्या अंगाले एक टाइप-सी, उजव्या अंगाले एक. मॉनिटरलेबी मागून टाइप-सी आहे. सोबत केबल नव्हती, म्हणून मोबाइलच्या फास्ट चार्जरची लावली.

आता गंमत पाहा. केबल लावली का लॅपटॉप चार्ज होऊन राहिला, म्हणजे केबल चांगली आहे. पण मॉनिटर म्हणते 'नो सिग्नल' आणि झोपून जाते. विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट करून पाहिलं, दुसरा पडदा सापडतच नाही. मॉनिटरच्या बटणावरून इनपुट टाइप-सीवर केला. ड्रायव्हर अपडेट केले. तीन दिवस झाले. काहून होऊन राहिलं असं?

फॉरमॅट_भाऊ

विंडोज उडवून नवीन टाका. माझं तर असंच सुधारलं होतं.

जुना_मिस्त्री_अमरावती

थांबा भाऊ, विंडोज उडवू नका. ऐन सीझनमध्ये कोरल आणि फॉन्ट परत टाकत बसाल.

तुम्ही म्हणता चार्ज होते म्हणजे केबल चांगली. तिथंच गाडी फसली. टाइप-सी हा नुसता पिनेचा आकार आहे. आतून काय जाते, हे केबलीवर आणि लॅपटॉपवर ठरते. त्या पिनेत २४ टोकं असतात. चार्जरच्या केबलीत त्यातल्या मोजक्याच टोकांना तार जोडलेली असते: करंटच्या तारा, एक बोलणी करायची तार आणि जुन्या यूएसबी २.० ची जोडी. ती जोडी जास्तीत जास्त ४८० मेगाबिटची. तुमच्या फुल एचडी पडद्याला सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास ३००० मेगाबिट लागतात. आणि चित्र त्या जोडीतून जातच नाही. त्यासाठी वेगळ्या चार जोड्या असतात, त्या या केबलीत टाकलेल्याच नसतात. चार्जिंगला त्यांचं काम नाही, म्हणून कंपनी खर्च वाचवते. तुमची केबल चार्जिंगपुरती एकदम चांगली आहे, ६० वॉटपर्यंत आरामात नेते. चित्राच्या नावानं शून्य.

दुसरी गोष्ट, लॅपटॉपच्या दोन्ही पिना सारख्या असतील असं नाही. तुमच्या पिनेत डीपी आहे का ते आधी पाहा.

पत्रिकावाला_यवतमाळ

दादा, डीपी तर गावाबाहेर आहे, माळावर. मागच्या वाऱ्यात तिचाच फ्यूज उडाला, दीड दिवस लाइन नव्हती. लॅपटॉपात कुठून डीपी आली?

जुना_मिस्त्री_अमरावती

😂 ती डीपी नाही हो. डिस्प्लेपोर्ट. यूएसबीच्या पिनेतून डिस्प्लेपोर्टचं चित्र न्यायची सोय असते, तिला आल्ट मोड म्हणतात. लॅपटॉपच्या पिनेजवळ डी अक्षराच्या पोटात पी असं चिन्ह असलं किंवा थंडरबोल्टची विजेची खूण असली, तर चित्र निघते. नुसतं 'एसएस' आणि आकडा असला तर तो डेटाचा वेग आहे, त्यावरून चित्राचं काही सांगता येत नाही. काही कंपन्या खूणच करत नाहीत. मग खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर पोर्टची माहिती वाचा.

सोल्डर_ताई

मी मूळची आर्वीकडची, आता पुण्यात लॅपटॉप बोर्डचं काम करते. मिस्त्रीकाकांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक भर घालते. 'टाइप-सी टू एचडीएमआय' कन्व्हर्टर घेऊन मोकळं होऊ नका. साध्या कन्व्हर्टरलाही लॅपटॉपमधून चित्र निघावंच लागतं. पिनेत आल्ट मोड नसेल तर कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये पडून राहील. तशा लॅपटॉपसाठी डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर मिळतो. तो ड्रायव्हर टाकून चित्र डेटासारखं पाठवतो, पण महाग पडतो. पत्रिकेला चालेल, व्हिडिओ एडिटिंगला वैताग येतो.

आणि दुकानात 'टाइप-सी केबल द्या' म्हणू नका. 'व्हिडिओ चालणारी, मॉनिटरची' म्हणा. पाकिटावर 4के किंवा डिस्प्ले लिहिलेलं बघा. मीटरभराची घ्या, स्वस्तातली लांब केबल अडते. जमलं तर लॅपटॉप सोबत न्या आणि तिथंच लावून बघा.

पत्रिकावाला_यवतमाळ

डाव्या पिनेले डीमधला पी आहे! उजवीले फक्त एसएस. आणि मी तीनही दिवस उजवीतच लावून राहिलो होतो, कारण डावीकडं माझा चहा असते.

डावीत लावून पाहिलं, तरी नो सिग्नल. म्हणजे केबल पण गेली कामातून. उद्या लालपरीनं यवतमाळले जातो.

पत्रिकावाला_यवतमाळ (चार दिवसांनी)

पहिल्या दुकानदारानं "सगळ्या सारख्याच असतात" म्हणून चार्जिंगचीच दिली. लॅपटॉप सोबत होता, त्याच्याच काउंटरवरच्या मॉनिटरले लावून दाखवली. नो सिग्नल. तोच चाट पडला. दुसऱ्या दुकानात जाडसर, बोटाएवढी केबल भेटली, लावल्याबरोबर चित्र! ताई, तुमचे उपकार.

पण दुकानात आणल्यावर नवीन भानगड. कुलर सुरू केला का मॉनिटर एक सेकंद काळा होते आणि परत येते. इथं ४५ चं ऊन, कुलरशिवाय गिऱ्हाईक बसत नाही. आणि लॅपटॉपच्या पत्र्याले हात लावला का बारीक मुंग्या येतात. तो गुण आधीपासूनच होता, मले वाटे माझ्यातच करंट आहे.

वायरमन_वणी

मुंग्यांवर आधी बोलू, कारण त्या हसण्यावारी न्यायच्या नाहीत. तुमच्या बोर्डात थ्री-पिनचं वरचं जाड भोक आहे, पण त्याच्या मागं तार आहे का? नाहीतर टू-पिनचा तुकडा लावून भागवलं असेल. मॉनिटर-चार्जरमध्ये फिल्टर असतात, त्यांचा थोडासा करंट अर्थिंगनं जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसली का तो पत्र्यावर येऊन बसते. माणसाला मुंग्या येतात, पण दोन मशिनी केबलीनं जोडताना तोच करंट पिनेतून जाऊन मशिनीच्या आतल्या बोर्डाचं नुकसान करू शकते. अर्थिंग होईपर्यंत केबल जोडताना दोन्हीचे प्लग काढून ठेवत जा.

आपल्याकडं अजून एक आहे. काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाइप असला तरी मातीनं त्याले सोडून दिलेलं असते. कोळसा-मीठ टाकलेल्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. व्होल्टेज मोजायचा हातातला मीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज पाहा, पाचच्या आत पाहिजे. मीटर धरता येत नसेल तर गावच्या वायरमनला बोलवा, स्वतः बोर्ड खोलू नका.

आता कुलर. मोटर सुरू होताना झटका मारते, तो लाइनीतून आणि हवेतून केबलीत शिरते, चित्र तुटते. कुलर वेगळ्या बोर्डावर घ्या. लॅपटॉप-मॉनिटर दोन्ही एकाच बोर्डावर. चित्राची केबल कुलरच्या वायरीजवळून नेऊ नका.

पत्रिकावाला_यवतमाळ (आठवड्यानं)

अर्थिंगचा खड्डा निघाला मागच्या अंगणात, त्याच्यावर आईनं तुळस ठेवली होती. तुळस हलवली, पाणी घातलं, वायरमननं तार बदलली. मुंग्या बंद. कुलर खिडकीच्या बोर्डावर नेला, काल सात-आठ वेळा चालू-बंद करून पाहिला, पडदा हलला नाही.

आता गिऱ्हाईक समोर बसून स्वतः नावं वाचते. एका पत्रिकेले पाऊण तास लागला, पण मावशीचं नाव मावशीनंच सापडवलं. 'आमच्या मामाच्या लग्नाले यायचं हं'च्या खाली सात पोरांची नावं होती, आठवं तिथंच वाढलं.

एकच विचारतो. सगळे पडद्याले बोट लावून सांगतात, आणि घरी हळद लागलेली असते. पिवळे ठसे पुसू कशानं?

सोल्डर_ताई

मॉनिटर बंद करून मऊ सुती फडकं, साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं. काचेचा स्प्रे मारू नका, पडद्यावरचा थर जातो. आणि गिऱ्हाइकाच्या हातात एक पेन्सिल द्या, मागच्या बाजूनं दाखवायला.