स्पिटफायर घेतोय, १३०० की १५००?

चाकवेडा
मंडळी, ट्रायम्फ स्पिटफायर, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घ्यायचं आता नक्की केलंय. बजेट बेताचंच आहे त्यामुळे तिच्या जुन्या आवृत्त्या मार्क वन, टू, थ्री बाजूला ठेवल्यात, राहिल्या दोन. एक मार्क फोर, १२९६ सीसीवाली, म्हणजेच १३००, आणि दुसरी शेवटची १५००, जी १९८० पर्यंत बनत होती. आता गोंधळ असा की जो भेटतो तो १५०० ची क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) बेअरिंग खाते म्हणून घाबरवतो, आणि दुसरा म्हणतो १३०० ला दमच नाही. सुट्टीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्याला फिरवणार, पण अधूनमधून लांबचा हायवेही होणार. इंजिन खोलायची तयारी आहे, फक्त पहिल्याच वर्षी नको. काय घेऊ?

लोखंडप्रेमी
दोन्ही इंजिनं मुळात एकच आहेत हे आधी लक्षात घे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोघांचा ७३.७ मिमी, फरक सगळा स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या धावेत, १३०० चा ७६ आणि १५०० चा ८७.५ मिमी. म्हणजे सीसी वाढवायला त्यांनी पिस्टन मोठा केला नाही, त्याची धाव लांबवली. त्यामुळे ५००० आरपीएमला १३०० चा पिस्टन सरासरी सेकंदाला साधारण १२.७ मीटर पळतो आणि १५०० चा १४.६, आणि क्रँकला आधार दोन्ही इंजिनांत तीनच मेन बेअरिंगचा. म्हणून १५०० ला तासन् तास वरच्या आरपीएमला ताणलं की आधी बिग एंडची (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली) बेअरिंग जातात. जे घाबरवतायत ते अगदी खोटं नाही सांगत, पण अर्धंच सांगतायत, कारण तेच इंजिन खालच्या आरपीएमला चालवलं तर निवांत चालत राहतं. पॉवर ब्रिटिश गाड्यांची बोलतोय, १३०० ची ६३ आणि १५०० ची ७१ बीएचपी, हा फरक कागदावर छोटा दिसतो पण टॉर्क बराच जास्त आहे, चढावर गिअर न बदलता ओढते. अमेरिकेतून आलेली १५०० असेल तर मात्र हे आकडे विसर, तिला एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन कमी आणि दमही कमी.

वळणवाट
मी १३०० च्या बाजूने. वळणाच्या रस्त्याला हे इंजिन रेव्ह व्हायला इतकं मोकळं आहे की गिअर टाकत टाकत चालवायची मजा १५०० मध्ये येतच नाही, तिथे वर जाता जाता इंजिन जड होतं आणि आपोआप पाय सैल पडतो. आणि मागचं चाक वळणात आत दुमडायचं, ज्यासाठी जुन्या स्पिटफायर बदनाम होत्या, ते मार्क फोरला १९७० मध्ये मागच्या सस्पेन्शनला स्विंग स्प्रिंग देऊन बरंच आवरलं, त्यामुळे हाताळणीसाठी १५०० च घ्यायला हवी असं काही नाही. अजून एक, मार्क फोरमध्ये सुरुवातीच्या इंजिनांना बारीक जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा भाग) क्रँक आणि नंतरच्यांना जाड. रेव्ह व्हायला बारीकवाली जास्त मोकळी, जमलं तर ती शोध.

लोखंडप्रेमी
वळणवाट, मजेचं मान्य. पण त्याने हायवे पण लिहिलाय ना. मार्क फोरचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद देणारा गिअर) ३.८९ चा, १५०० चा ३.६३ चा. म्हणजे १०० च्या स्पीडला १३०० साधारण ३७०० आरपीएमला फिरत असते आणि १५०० साधारण ३४५० ला. आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे स्पीड तोच ठेवून इंजिनचे आरपीएम उतरवणारा जादा गिअर, असेल तर तीच १५०० २७५० च्या आसपास उतरते. सगळा खेळ इथे आहे! ज्या इंजिनला जास्त आरपीएम सोसत नाही त्याच इंजिनला ओव्हरड्राइव्हचा सगळ्यात जास्त फायदा. म्हणून चाकवेडा, माझं स्पष्ट मत, सीसी नंतर बघ, आधी ओव्हरड्राइव्ह आहे का बघ. ओव्हरड्राइव्हवाली १३०० आणि बिनओव्हरड्राइव्हची १५०० समोर असेल तर डोळे झाकून १३०० घे. नंतर बसवू म्हणशील तर गिअरबॉक्ससकट बदलावं लागतं आणि मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपशाफ्टही वेगळा लागतो, बेताच्या बजेटमध्ये नको ते.

ग्रीसवाला
बॉनेट उघडून नंबर वाचल्याशिवाय कुठलीच चर्चा करू नका. या गाड्यांची इंजिनं इतक्या वेळा बदललेली असतात की कागदावर मार्क फोर आणि आत १५०० असं सर्रास मिळतं. मार्क फोरच्या इंजिनचा नंबर एफएच ने सुरू होतो, ब्रिटिश १५०० चा एफएम ने. आणि खरं सांगू का, गंज बघा. सिल, म्हणजे दरवाजाखालची पट्टी, हा नुसता पत्रा नाही, गाडीची ताकद त्याच्यावर आहे. इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवून करता येतं, सडलेल्या सिलचं काम त्याच्यापेक्षा कितीतरी किचकट.

चाकवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार, ओव्हरड्राइव्हचा विचारच केला नव्हता. एक १५०० बघितलीये, ओव्हरड्राइव्ह आहे, तिसऱ्या चौथ्या गिअरला लागतोही. सिल वरून तरी चांगले वाटले. फक्त थंड इंजिन स्टार्ट केलं की दोन-तीन सेकंद खडखड येते आणि जाते. सोडून देऊ का?

ग्रीसवाला
लगेच सोडू नको. या इंजिनचा ऑइल फिल्टर आडवा बसतो, आत नॉन-रिटर्न व्हॉल्व (तेल उलटं जाऊ न देणारी झडप) नसलेला फिल्टर असेल तर रात्रभरात तेल परत खाली जातं आणि सकाळी प्रेशर यायला वेळ लागतो. व्हॉल्ववाला फिल्टर लावून परत ऐकायला सांग. तरीही वाजली, किंवा गरम इंजिनला ३००० च्या पुढे नेऊन पाय सोडल्यावर खालून घुमल्यासारखा आवाज आला, तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव कर. गरम झाल्यावर २००० आरपीएमला ऑइल प्रेशर ४० पीएसआयच्या वर पाहिजे.

आणि हे अजिबात चुकवू नको. इंजिन बंद ठेवून एकाला क्लच दाबायला-सोडायला लाव आणि तू पुढून क्रँकची पुली बघ. ती डोळ्याला दिसेल इतकी पुढेमागे सरकत असेल तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजलेत. खेळ ०.१ ते ०.२ मिमी एवढाच चालतो. ते अर्धगोल वॉशर एकदा निसटून सम्पमध्ये (खालच्या तेलाच्या टाकीत) पडले की क्रँक थेट ब्लॉकला घासते आणि मग ब्लॉकच बदलावा लागतो. १३०० बघायला गेलास तरी हीच टेस्ट कर, वॉशर दोघांनाही तसेच आहेत.

लोखंडप्रेमी
पुली हलली नाही आणि फिल्टर बदलून खडखड गेली तर घेऊन टाक. हेडमध्ये कडक व्हॉल्व सीट (व्हॉल्व बसतात त्या कडक धातूच्या रिंगा) बसवल्यात का तेवढं विचार, नसतील तर अनलेडेड पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह घालत राहावं लागेल.